गाडी थांबली की फोटो निघतो : खान्देशातले कॅमेराकिस्से

नामवंत माणसाचा फोटो हवा असेल तर फोटोग्राफरने त्याच्या दारात ताटकळायचं, सेक्रेटरीची मनधरणी करायची आणि मिळालेल्या चार मिनिटांत काम उरकायचं, ही जगाची रीत. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावात एका पारशी गृहस्थाने ती सरळ उलटी केली. तो घरात बसून राहिला आणि नामवंत त्याच्याकडे आले. जवाहरलाल नेहरू आले, जयप्रकाश नारायण आले. सोबत पीए, हार-तुरे, पोलीस. आणि समोर काळ्या कापडाखाली डोकं खुपसून बसलेले केकी मूस.

एकाच वर्षाचे दोघे

कैखुशरू माणेकजी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२चा, मुंबईचा. त्याच वर्षी १ जूनला मुंबईहून एक नवी गाडी पेशावरकडे धावली होती. तेव्हा तिचं नाव ‘पंजाब लिमिटेड’, पुढे ती झाली पंजाब मेल. म्हणजे गाडी मूस यांच्यापेक्षा चार महिन्यांनी थोरली. मूस यांची चाळीसगावात सर्वात जास्त सांगितली जाणारी गोष्ट याच गाडीची आहे. मुंबईच्या एका मैत्रिणीने ‘मी येईन, तुझ्याकडेच जेवेन’ असा शब्द दिला होता म्हणे. त्या भरवशावर रोज रात्री मेलच्या वेळेला घराचे दिवे लागत, दारं उघडली जात, टेबलावर दोघांचं ताट मांडलं जाई. हे वर्षानुवर्षं चाललं.

खरं किती, मीठमसाला किती, याच्या खोलात मी शिरत नाही. चाळीसगावात ही गोष्ट कुणी खोटी ठरवायला गेलं तर चहा मिळणार नाही एवढं नक्की. पण एक गंमत ध्यानात घ्या. मूस यांचं घर स्टेशनच्या अगदी जवळ आणि मेल चाळीसगावात येते मध्यरात्रीच्या सुमारास. त्यामुळे गाडीची शिट्टी ऐकू येणं ही कविकल्पना नाही. ती रोज रात्री कानावर पडतच असणार.

दारू-सोड्याच्या गल्ल्यावरून शेफिल्डला

घरच्यांचा चाळीसगावात दारू आणि सोड्याचा धंदा होता. मुलाने गल्ल्यावर बसावं अशी अपेक्षा होती, पण मुलाचं चित्त रंगांत. विल्सन कॉलेजातून पदवी घेतल्यावर इंग्लंडच्या बेनेट कॉलेजातून त्यांनी कमर्शियल आर्ट केलं आणि फोटोग्राफी हा त्यातला एक विषय. शेफिल्डचं हे कॉलेज त्या काळी पोस्टाने धडे धाडण्याबद्दल जगभर ठाऊक होतं, हा आपला जाता जाता तपशील. १९३८च्या आसपास मूस चाळीसगावी परतले आणि परतले ते परतलेच. पुढच्या जवळजवळ पन्नास वर्षांत ते दोनदाच घराबाहेर पडले असं सांगतात. त्यातली एक वेळ विनोबांचा फोटो काढायची. बाकी सगळ्यांनी यायचं, विनोबांसाठी मात्र मूस यांनी चप्पल घालायची! मानपानाचा हा हिशेब मला फार आवडतो.

टेबलावरचा हिमालय

घर सोडायचं नाही आणि निसर्गचित्रं तर हवीत. मग काय करायचं? निसर्ग टेबलावर आणायचा. मूस यांचं खरं नाव झालं ते या ‘टेबल-टॉप’ फोटोग्राफीने. घरातल्या किरकोळ वस्तू मांडून बर्फाळ रान, वादळी रात्र, एकाकी झोपडी उभी करायची आणि फोटो असा घ्यायचा की बघणाऱ्याने विचारावं, हे युरोपात कुठे हो?

यातली करामत समजून घेण्यासारखी आहे. लहान वस्तू जवळून टिपली की पुढचं स्पष्ट आणि मागचं धूसर होतं. त्या धूसरपणावरूनच आपला डोळा ओळखतो की हे खेळण्यातलं आहे. म्हणून लेन्सचं छिद्र अगदी बारीक करायचं, म्हणजे पुढचं-मागचं दोन्ही लख्ख येतं. छिद्र बारीक केलं की उजेड कमी, म्हणून फिल्मला बराच वेळ प्रकाश पाजत बसायचं. कॅमेरा टेबलाच्या पातळीला, मुंगीच्या नजरेला. आणि दिवा एका बाजूने, खाली, म्हणजे सावल्या लांब पडतात आणि चिमूटभर पांढऱ्या भुकटीची टेकडी होते. हे सगळं संगणक नसताना, रीटचिंगचं बटण नसताना. अशा चित्रांना देशोदेशीची तीनशेवर पदकं-पारितोषिकं मिळाल्याचं सांगितलं जातं, आणि ती घ्यायला साहेब घराबाहेर पडले नाहीत.

चित्रं, शिल्पं, लाकडावरचं कोरीवकाम, कागदाच्या घड्यांतून प्राणी करणं, वर सतार. एका माणसाच्या घरात एवढे छंद असले की बाहेर जायची गरज तरी कशाला? ३१ डिसेंबर १९८९ला मूस गेले. त्यांच्या घराचं आता कलादालन झालं आहे आणि चाळीसगावकर त्यांना ‘कलामहर्षी’ म्हणतात. गाडी बदलायला तास-दोन तास हाताशी असतील तर तिकडे पाय वळवा. धुळ्याचा फाटा इथूनच फुटतो, तेव्हा धुळेकरांना निमित्त शोधावं लागत नाही.

पाटणचा शिलालेख आणि लाडांचा कॅमेरा

चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटरवर पाटणादेवी. तिथला शिलालेख भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, कोरवलेला. तो अभ्यासकांपुढे आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. आता कॅमेऱ्याशी काय संबंध? भाऊंचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे आपल्याकडच्या अगदी पहिल्या हौशी फोटोग्राफरांपैकी एक. मुंबईत १८५४ला फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात हे डॉक्टर होते. दिवसा नाडी बघायची, उरलेल्या वेळात फोटोच्या काचा धुवायच्या.

थाळनेरची नात

आता तापीकाठी चला. धुळे जिल्ह्यातलं, शिरपूर तालुक्यातलं थाळनेर. कधीकाळी फारुकी सुलतानांची राजधानी, पडका किल्ला, जुनी थडगी. पण संगीताच्या माणसाला थाळनेर वेगळ्याच कारणाने ठाऊक असायला हवं. मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं सासर इथलं. हरिदास रामदास लाड या गुजराती सावकाराच्या नर्मदा या लेकीशी त्यांचं लग्न झालं, ती गेल्यावर धाकट्या शेवंतीशी, म्हणजे माई मंगेशकरांशी. लता, मीना, आशा, उषा, हृदयनाथ या पाचही जणांचं आजोळ खान्देशातलं! लताबाई पावागडचे गरबे आजीकडून ऐकून शिकल्या होत्या.

पण इथे त्या गायिका म्हणून आलेल्या नाहीत. लता मंगेशकर या पक्क्या फोटोग्राफर होत्या. नुसतं कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणं नव्हे, रोलिफ्लेक्ससारखा नखरेल कॅमेरा त्या हाताळत. तो छातीशी धरायचा, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं आणि काचेत सगळं डावं-उजवं उलटं दिसतं. माणूस डावीकडे सरकला की तुम्ही कॅमेरा भलतीकडेच फिरवता. हे अंगवळणी पडायला महिने जातात. एका रोलमध्ये चौकोनी फोटो फक्त बारा. गाणं एका टेकमध्ये द्यायची सवय असलेल्या बाईंना ही काटकसर जड गेली नसावी, असा माझा अंदाज.

यात एक मजा अशी की ज्या बाईंचे फोटो लाखोंनी निघाले, त्या स्वतः मात्र लेन्सच्या मागे रमायच्या. स्टुडिओत जो तो त्यांच्याकडे बघत असताना त्यांना इतरांकडे बघायची ही एक छान सोय झाली असेल.

जीन्सवर साडी

शिरपूर तालुका सोडू नका, अजून एक नाव राहिलं. स्मिता पाटील. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५. पण वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, त्यामुळे खान्देश तिला हक्काने ‘आपली पोर’ म्हणतो. तिची कारकीर्द कॅमेऱ्याने सुरू झाली ती अशी: ज्योत्स्ना किरपेकर मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या. त्यांचे पती दीपक यांनी स्मिताचे कृष्णधवल फोटो काढले होते. ते फोटो दूरदर्शनच्या आवारात बघणं चाललं असताना केंद्राच्या प्रमुखांची नजर पडली, ही मुलगी कोण, अशी विचारणा झाली आणि स्मिता मराठी बातम्या वाचू लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यापुढे बसायची, हे तिच्या मैत्रिणी हसत सांगतात. श्याम बेनेगलांनी तिला हेरलं ते याच बातम्यांत. पुढचा ‘निशांत’, ‘भूमिका’ वगैरे इतिहास सर्वांना पाठ आहे.

तिलाही फोटो काढायचा नाद होता. आणि हो, मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. म्हणजे तिकडे टीव्हीचा पहिला दिवस आणि इकडे चाळीसगावात केकी मूस यांची साठी.

रसायनशास्त्राचे सर

खान्देशाबाहेरचा एकच माणूस घेतो, कारण त्याच्यावाचून मराठीत हा विषय पुरा होत नाही. गौतम राजाध्यक्ष मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये रसायनशास्त्र शिकवायचे, मग लिंटास या जाहिरात कंपनीत गेले. १९८०च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ यांचे फोटो काढले आणि १९८७ला नोकरीला रामराम. हळुवार उजेडातले ते चेहरे नंतर ‘फेसेस’ आणि मराठीत ‘चेहरे’ या पुस्तकांत आले. काजोलच्या पहिल्या ‘बेखुदी’ची पटकथाही त्यांचीच. २०११ला, एकसष्टाव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी ते गेले.

मे महिना आणि डार्करूम

फिल्म धुण्याचं रसायन साधारण २० अंशांवर नीट चालतं, असं सगळी पुस्तकं सांगतात. पुस्तकं लिहिणारे बहुधा भुसावळला मे महिन्यात आलेले नसावेत. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात नळाचं पाणीच चहाला लावायच्या तोडीचं. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, गरम पाण्यात तो मऊ पडतो, सुरकुततो, कधी सुटूनही येतो. म्हणून इकडच्या स्टुडिओवाल्यांची धुलाई रात्री, माठातलं पाणी आणि बर्फाची लादी जवळ घेऊन चालायची. मुंबईच्या कारागिराला जे थर्मामीटर सांगायचं ते इथल्या पोराला कोपर बुडवून कळायचं.

याच स्टुडिओंनी गावोगावचे राजेश खन्ना घडवले. मागे रंगवलेला ताजमहाल, हातात प्लास्टिकचा फोन, मान तिरकी. लग्नाची मुलगी असेल तर कृष्णधवल फोटोवर ओठांना आणि बांगड्यांना वरून रंग. तो रंग बोटाला कापूस गुंडाळून कसा लावायचा, हे शिकवणारी शाळा नव्हती. जुन्या उस्तादाच्या शेजारी उभं राहून जेवढं दिसेल तेवढंच पदरात.

आता ड्रोन

उस्तादाची जागा आता मोबाइलने घेतली आहे. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करणारी पोरं धुळे, जळगाव, नंदुरबारच्या खेड्यांतून निघाली आणि ‘हाई झुमका वाली पोर’सारखं अहिराणी गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा बघितलं गेलं. अहिराणी न कळणारा कोल्हापूरचा नवरदेवही हळदीत त्यावर नाचतो. ही मंडळी एडिटिंग शिकली फोनवर, उजेड शिकली शेतात. केळीच्या बागेवरून ड्रोन कसा न्यायचा म्हणजे पानांचा वारा फ्रेममध्ये येतो आणि पंखा पानात अडकत नाही, हे त्यांना कुठल्या इन्स्टिट्यूटने सांगितलेलं नाही. पहिला ड्रोन बहुतेकांचा पानातच अडकलेला असतो.

लग्नसराईत हीच पोरं वऱ्हाडाच्या पुढे उलटं चालत शूटिंग करतात. आणि गाण्यातला एखादा कलाकार गावच्या जत्रेत दिसला की गर्दी म्हणते, “भाऊ, एक सेल्फी!” भाऊ थांबतो. थांबावंच लागतं, कारण सेल्फी मागणाऱ्यांतले निम्मे तरी त्याच्या पुढच्या व्हिडिओत मागे नाचायला हवे असतात.