रतीब, वर्गणी आणि संगणकाचा ढग



वर्गणीचा व्यवहार मराठी घराला नवा नाही. दुधाचा रतीब, वाचनालयाची मासिक वर्गणी, दिवाळी अंकासह घरी येणारे मासिक, या सर्वांत आपण वस्तूपेक्षा तिच्या अखंड पुरवठ्याचे मोल देतो. गेल्या पंचवीस वर्षांत संगणकाच्या क्षेत्रात हाच व्यवहार प्रमुख झाला. तो कसा, आणि त्यात ग्राहकाच्या पदरात नेमके काय पडते, एवढेच मला मांडावयाचे आहे.

यंत्र न विकता त्याचा वापर विकणे ही कल्पना जुनीच आहे. आय. बी. एम. ही अमेरिकन कंपनी आपली गणनयंत्रे भाड्यानेच देत असे; १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने तिला ती विकण्यासही भाग पाडले. १९६१ साली जॉन मॅकार्थी यांनी संगणनशक्ती टेलिफोनप्रमाणे सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असे भाकीत केले. ते प्रत्यक्षात उतरण्यास वेगवान इंटरनेटची वाट पाहावी लागली. १९९९ मध्ये सेल्सफोर्स आणि २००६ मध्ये ॲमेझॉनची वेब सेवा यांनी ते व्यापारी पातळीवर आणले.

‘क्लाउड’ हे नाव मला थोडे फसवेच वाटते. तेथे ढग नसतो. दूरच्या इमारतीत ओळीने मांडलेले, अहोरात्र थंड ठेवावे लागणारे संगणक असतात. त्यांच्यावर अनेक ग्राहकांचे काम एकत्र चालते, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च उतरतो. आकारणीच्या मात्र दोन रीती आहेत. पहिली विजेच्या मीटरसारखी, वापराल तेवढे द्या. दुसरी खऱ्या अर्थाने वर्गणी, म्हणजे वापर होवो न होवो, महिना संपला की रक्कम द्यावयाची.

विक्रेत्याला दुसरी रीत का आवडते, हे एका हिशेबाने कळेल. शंभर वर्गणीदारांपैकी दरमहा पाच टक्के सोडून जात असतील, तर वर्षाअखेर सुमारे ५४ उरतात. दोनच टक्के जात असतील, तर सुमारे ७८. पहिल्या स्थितीत एक ग्राहक सरासरी २० महिने टिकतो, दुसऱ्या स्थितीत ५० महिने. ग्राहक मिळविण्याचा खर्च आरंभीच होतो आणि तो महिन्यामहिन्याने भरून निघतो. त्यामुळे या धंद्याचे सारे भवितव्य त्या तीन टक्क्यांत असते. सेवा चांगली ठेवणे हा ग्राहक टिकविण्याचा एक मार्ग. सोडून जाणे अवघड करणे हा दुसरा, आणि तोही सर्रास वापरला जातो.

पेजमेकर एकदा विकत घेऊन वर्षानुवर्षे स्मरणिका छापणारे मुद्रक आपण पाहिले आहेत. २०१३ साली ॲडोबी कंपनीने आपल्या प्रमुख चित्र-मुद्रण प्रणालींच्या पुढील आवृत्त्या केवळ वर्गणीनेच मिळतील असे जाहीर केले. नवी सुधारणा लगेच हाती येते, आरंभी मोठी रक्कम लागत नाही, हा लाभ खराच. परंतु वर्गणी थांबली की प्रणाली बंद होते, आणि तिच्यात केलेले जुने काम उघडण्याचीही पंचाईत होते. वाचनालयाची वर्गणी थांबली तर आपण वहीत उतरून घेतलेले टिपण ग्रंथपाल परत मागत नाही.

शाळेपुढे या बदलाने एक वेगळाच पेच उभा राहतो. संगणक कक्षासाठी देणगी मिळते, कारण ती एकरकमी असते आणि भिंतीवर पाटी लागते. मासिक वर्गणीला पाटी नसते. ती चालू खर्चात पडते आणि दरवर्षी नव्याने उभी करावी लागते. म्हणून माझ्या मते देणगीदारांनी अशा खर्चासाठी कायम ठेव द्यावी, जिच्या व्याजातून वर्गणी भागेल. आणि संस्थेने करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: पहिल्या वर्षानंतरचा दर काय, वर्गणी थांबल्यावर गुणपत्रकांची नोंद किती दिवस जपली जाईल, आणि ती कोणत्या स्वरूपात परत मिळेल.