पहाटेचा सेल्फ

थंडीत गाडी उचलत नाही, ही तक्रार घेऊन गिऱ्हाईक गॅरेजवर येतं ते सकाळी अकराला, गाडी चालवतच. इंजिन तापलेलं, आवाज एकसारखा, चावी फिरवायचा अवकाश की गाडी चालू. “आत्ता बरी आहे, पहाटे बघा कशी थरथरते ते,” असं मालक सांगतो, पण पाहण्यासारखं काही उरलेलंच नसतं. म्हणून जाणता मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी सांगून टाकतो, गाडी रात्रभर इथेच ठेवा, सकाळी मी आल्याशिवाय कुणी सेल्फ मारायचा नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-पिंपळगाव पट्ट्यात या कामाचा हंगाम ठरलेला. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा अनेकदा ५ अंशांच्या आसपास उतरतो. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात आणि त्याच वेळी बाजार समितीकडे निघालेली जुनी डिझेल पिकअप अंगणात पांढरा धूर ओकत उभी असते. ५ अंश म्हणजे युरोपातल्या गाडीला थंडीच नव्हे. तरी आपल्या गाड्या अडतात, कारण वर्षाचे दहा महिने ऊन त्यांचे दोष पोटात घालतं. थकलेली बॅटरी, जळालेला हीटर प्लग, चिरलेला डिझेलचा पाइप, हे सगळं मे महिन्यात खपून जातं.

तपास कानाने सुरू होतो. नुसतं ‘टक्’ झालं, किंवा इंजिन जड पावलांनी ‘घर्र… घर्र’ फिरलं, तर बॅटरीकडे आणि तिच्या वायरींकडे वळायचं. इंजिन झपाझप फिरतंय पण पेट घेत नाही, तर इंधनाकडे. आणि पेट घेतला, पण मिनिटभर मिसिंग करत हललं, तर एखादा सिलिंडर उशिरा जागा होतोय.

बॅटरीचं गणित सोपं असलं तरी लोक ते करत नाहीत, सरळ नवी बॅटरी घेतात. शून्य अंशाला बॅटरीची ताकद ढोबळमानाने एक तृतीयांशाने घटते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. उभ्या गाडीत मीटर १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ असेल तर निम्मी. सेल्फ मारताना काटा साडेनऊच्या खाली गेला की बॅटरीवर संशय घ्यायचा. पण एक चाचणी त्याआधी करावी. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर अर्थिंग गेलंय. गंजलेली पट्टी घासून पुन्हा आवळली की काम होतं. ऑइलचंही तसंच. २०डब्ल्यू-४० ऐवजी ५डब्ल्यू-३० घातलं तर थंड इंजिन हलकं फिरतं, मात्र कंपनीच्या पुस्तकात परवानगी असेल तरच.

पेट्रोल गाडीचा घोळ वेगळा. पेट्रोल जळण्यासाठी त्याची वाफ व्हावी लागते आणि थंडीत ती नीट होत नाही. बरंचसं पेट्रोल नळीच्या गार भिंतींनाच चिकटतं. तापलेल्या इंजिनाला पेट्रोलच्या एका भागामागे १४.७ भाग हवा पुरते, थंड इंजिनाला पेट्रोल बरंच जास्त लागतं. प्रीमियर पद्मिनीच्या काळात हे काम चोकची खुंटी ओढून माणूस करायचा आणि पुन्हा आत ढकलायला विसरायचाही. आता कूलंटमध्ये बुडालेला तापमानाचा सेन्सर ते ठरवतो. तो खोटं बोलला की संगणक थंड इंजिनाला तापलेलं समजतो आणि पेट्रोल हात राखून देतो. इथे रात्रभर ठेवलेल्या गाडीचा खरा उपयोग होतो. सकाळी स्कॅनर जोडून, सेल्फ न मारता, कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचायचं. दोन्ही जवळपास सारखंच हवं. हवा ८ अंश आणि कूलंट ५० दिसलं, तर चोर सापडला.

डिझेलमध्ये ठिणगीच नसते. हवा साधारण १८-२० पटींनी दाबून तापवायची आणि त्यात डिझेल फवारायचं. लोखंडच गार असलं तर ती उष्णता भिंती पिऊन टाकतात, म्हणून हीटर प्लगची टोकं ९०० अंशांच्या आसपास तापवली जातात. चारपैकी दोन जळाले तरी उन्हाळ्यात कुणाला पत्ता लागत नाही. थंडीत मात्र इंजिन दोनच सिलिंडरवर हिसके देतं आणि न जळलेल्या डिझेलचा डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर निघतो. वायरमन प्लगवरची पत्र्याची पट्टी काढतो, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावतो आणि टोक एकेका प्लगच्या डोक्यावर टेकवतो. दिवा लागला तर आतली कॉइल शाबूत. लागला नाही तर प्लग मेला. चारही चांगले असतील तर रिले पाहायचा. जुना प्लग मात्र गार इंजिनातून जोर लावून काढू नये. तो मधेच तुटला तर हेड उतरवावं लागतं, आणि काहीशेचं काम हजारांत जातं.

प्लग, बॅटरी सगळं ठीक असूनही गाडी बराच वेळ सेल्फ खात असेल, तर ती बहुधा एअर घेते. रात्रीत डिझेल उलटं टाकीकडे उतरतं. हातपंप दाबून मग सेल्फ मारला आणि गाडी लगेच उचलली, तर पंपापर्यंतचा प्रत्येक जोड तपासायचा.

लडाखमध्ये प्रश्न खुद्द डिझेलचाच असतो. त्यातलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. तिथले ट्रकवाले टाकीखाली आग करायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल तिथे आणलं. पुण्या-नाशिकहून हिवाळ्यात गाडी घेऊन वर जाणाऱ्यांनी मैदानातलं डिझेल वाटेत संपवत न्यावं, तिथलं भरावं आणि रात्री गाडी लावण्याआधी थोडी चालवावी. नाहीतर टाकीत नवं आणि फिल्टरमध्ये जुनंच राहतं.