मूत्रसंसर्ग आणि वनौषधींचे अर्क

लघवीची जळजळ ही तशी परिचित व्याधी. तिच्या मुळाशी बहुधा 'ई. कोलाय' हा आतड्यात वास करणारा जीवाणू असतो. प्रतिजैविकांच्या अनिर्बंध वापरामुळे त्याचे अनेक प्रकार आज औषधांना दाद देत नाहीत. म्हणूनच वनस्पतींकडे नव्याने पाहिले जात आहे.

आयुर्वेदाने मूत्रकृच्छ्रावर गोखरू, वायवर्णा, पुनर्नवा सांगितल्या आहेत. मात्र बाजारात 'गोखरू' नावाने दोन निराळ्या वनस्पती मिळतात, लहान आणि मोठा! अर्क तपासण्याआधी वनस्पतीची ओळख पटावी लागते. बंगळूरच्या येलहंका भागात, १९९३ साली स्थापन झालेल्या 'एफआरएलएचटी' संस्थेने औषधी वनस्पतींचे वाळवलेले नमुने जपले आहेत, त्यांचे मोल इथे कळते.

प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत अनेक अर्क जीवाणूंची वाढ रोखतात. परंतु पोटात घेतलेला अर्क पचून लघवीत पुरेशा प्रमाणात उतरतो का, हा खरा प्रश्न आहे. परदेशी क्रॅनबेरी फळाची रीत वेगळी. ते जीवाणूला मारत नाही, मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाही. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये त्यामुळे पुनरावृत्तीचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. जडलेला संसर्ग मात्र त्याने बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही.

थंडी वाजून ताप आला, पाठीत कळा येऊ लागल्या, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला असू शकतो. अशा वेळी काढ्यावर दिवस काढू नयेत. डॉक्टर लघवीची कल्चर तपासणी सांगतात. तिचा नमुना शक्यतो प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वीच द्यावा.