बारसं बाराव्या दिवशी, इन्शुरन्स तिसाव्याच्या आत!

मंडळी, बाळ येणार म्हटलं की आपली तयारी जोरात सुरू होते. आईचा व्हिसा, डिंकाचे लाडू, पाळणा, कार सीट. एक काम मात्र यादीत राहून जातं: बाळाचं नाव इन्शुरन्समध्ये घालणं. आईचा इन्शुरन्स आहे म्हणून बाळाचा आपोआप झाला, असं अमेरिकेत गृहीत धरू नका.

नोकरीतून इन्शुरन्स असेल तर जन्मापासून निदान ३० दिवस मिळतात. तेवढ्यात एच.आर.कडे अर्ज केला की कव्हरेज थेट जन्मदिवसापासून धरतात, म्हणजे हॉस्पिटलमधली बाळाची बिलंही त्यात येतात. मुदत हुकली तर पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत थांबायची वेळ येऊ शकते. बाळाला एन.आय.सी.यू.मध्ये ठेवावं लागलं असेल तर बिल लाखभर डॉलर्सवरही जाऊ शकतं! मार्केटप्लेसमधून घेतलेल्या इन्शुरन्ससाठी ही मुदत ६० दिवसांची आहे.

आपली बाळंतीण सव्वा महिना विश्रांती घेते. ३० दिवस त्याआधीच संपतात. तेव्हा हे काम बाबांनी अंगावर घ्यावं. सोशल सिक्युरिटी नंबर यायला वेळ लागतो, त्यासाठी अडून बसू नका. अर्ज आधी करा आणि नंबर नंतर दिला तर चालेल का, ते एच.आर.ला विचारा.

आता आईविषयी. १९९० च्या दशकात काही विमा कंपन्या बाळंतिणीला २४ तासांतच घरी पाठवायला लावत. त्यावर १९९६ साली केंद्रीय कायदा झाला. प्लॅनमध्ये बाळंतपणाचा हॉस्पिटल खर्च धरलेला असेल, तर नॉर्मल डिलिव्हरीनंतर ४८ तास आणि सिझेरियननंतर ९६ तासांपेक्षा कमी मुक्कामाची सक्ती कंपनीला करता येत नाही. डिलिव्हरी हॉस्पिटलमध्ये झाली तर हे तास डिलिव्हरीपासून मोजतात, ॲडमिट झाल्यापासून नव्हे. लवकर घरी जायचं का, हे आई आणि डॉक्टर मिळून ठरवतात.

हॉस्पिटल नेटवर्कमधलं, पण भूल देणारे किंवा नवजात बाळाचे डॉक्टर नेटवर्कबाहेरचे, असंही होतं. २०२२ पासून त्यांना नेटवर्कच्या दरावरचं जादा बिल तुमच्या माथी मारता येत नाही. बिल आलंच तर पैसे भरण्याआधी इन्शुरन्सला फोन करा.

नोकरी गेली असेल किंवा उत्पन्न कमी असेल तर मेडिकेड आणि मुलांसाठीच्या चिप योजनेची चौकशी करा. त्यांचे अर्ज वर्षभर घेतात. बाळंतपणानंतर आईचं मेडिकेड पूर्वी ६० दिवसच चाले; आता बहुतेक राज्यांत १२ महिने चालतं.

तुमच्या ओळखीत कुणाकडे गोड बातमी असेल, तर अभिनंदनाच्या फोनवरच एवढं नक्की सांगा: तीस दिवस!