मुक्काम शिर्डीत की शिंगणापुरात?

शिर्डी आणि शनिशिंगणापूर ही अहिल्यानगर जिल्ह्यातली दोन देवस्थाने एकमेकांपासून साधारण सत्तर किलोमीटरवर आहेत. शिर्डी राहाता तालुक्यात, शिंगणापूर नेवासा तालुक्यात. महाराष्ट्रातल्या आणि परराज्यांतल्या लाखो कुटुंबांच्या मनात या दोन नावांची जोडी पक्की बसली आहे. एकाला जाऊन दुसरे टाळणे फारसे कोणी करत नाही. दर्शन दोन्हीकडे घ्यायचे हे ठरलेले असते. पाठ कुठे टेकायची, एवढाच प्रश्न उरतो. सहल कंपन्यांच्या पत्रकांत त्याचे उत्तर छापून तयार असते: रात्र शिर्डीत, शिंगणापूर जाता-येता. बहुतेकांना ते सोयीचे पडते, पण प्रत्येकाला पडत नाही. हे उत्तर इतके सर्रास का झाले, त्याची मुळे हॉटेलांच्या दरपत्रकापेक्षा दोन्ही ठिकाणच्या उपासनेत सापडतात.

शिर्डी हे पहिल्यापासून मुक्कामाचे गाव आहे. साईबाबांच्या हयातीत भक्त कोपरगाव स्टेशनवर उतरत, तिथून टांग्याने गोदावरी ओलांडून गावात येत आणि बाबांच्या परवानगीवाचून परत निघत नसत. ही परवानगी कधी त्याच दिवशी मिळे, कधी आठवडा जाई. त्यामुळे राहण्याची सोय हीच शिर्डीची पहिली गरज ठरली. हरी विनायक साठे यांचा वाडा १९०८च्या सुमारास उभा राहिला. मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम ऊर्फ काकासाहेब दीक्षित यांनी १९१०च्या डिसेंबरात वाड्याचा पाया घातला आणि तो १९११मध्ये पुरा झाला. नागपूरचे धनिक गोपाळराव बुटी यांनी तिसरा, दगडी वाडा बांधायला घेतला, तो राहण्यासाठी आणि मुरलीधराच्या मंदिरासाठी. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्या दिवशी साईबाबांचे निर्वाण झाले आणि त्यांना त्याच वाड्यात समाधी देण्यात आली. आजचे समाधी मंदिर म्हणजे हा बुटी वाडा. ज्या गावाचे मुख्य मंदिरच मुळात वाडा म्हणून बांधले गेले, तिथे पुढे हजारो खोल्या उभ्या राहाव्यात यात नवल नाही.

शिर्डीचा दिनक्रमही माणसाला रात्रभर थांबवणारा आहे. पहाटेची काकड आरती, दुपारची माध्यान्ह आरती, सूर्यास्ताची धूपारती आणि रात्रीची शेजारती अशा चार आरत्या होतात. ज्याला काकड आरती हवी त्याला आदल्या रात्री गावात असावेच लागते आणि ज्याला शेजारती हवी त्याला त्या रात्री तिथून निघणे जिवावर येते. गुरुवारी यात पालखीची भर पडते. साईबाबा एक रात्र द्वारकामाईत आणि एक रात्र चावडीत झोपत, त्या रिवाजाची आठवण म्हणून ही पालखी निघते. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी हे तीन मोठे उत्सव तर प्रत्येकी काही दिवसांचे असतात. साईबाबा संस्थानची स्थापना १९२२ची. २००४च्या स्वतंत्र कायद्याने त्याचा कारभार राज्य सरकारने नेमलेल्या व्यवस्थापन समितीकडे आला. द्वारावती, साई आश्रम अशी संस्थानची भक्तनिवासे, सौरऊर्जेवर स्वयंपाक करणारे प्रसादालय आणि २६ ऑक्टोबर २०२३ रोजी खुले झालेले नवे दर्शनरांग संकुल या साऱ्यांच्या मागे एकच गृहीत आहे: भाविक किमान एक रात्र राहणार.

शिंगणापूरची तऱ्हा याच्या उलट आहे. इथे गाभारा नाही, कळस नाही, छप्परही नाही. उघड्या चौथऱ्यावर साधारण पावणेसहा फूट उंच आणि दीड फूट रुंद काळी शिळा उभी आहे. आख्यायिका अशी की पानसनाल्याच्या पुरात ती वाहत आली आणि बोरीच्या झाडाला अडली. गुराख्यांनी काठी टोचली तेव्हा तिच्यातून रक्त आले. ती हलेना, तेव्हा स्वप्नातल्या दृष्टांताप्रमाणे मामा-भाच्याच्या जोडीने तिला उचलले. मामा-भाच्यांनी जोडीने दर्शन घ्यावे, हा प्रघात त्यातूनच आला. शिळेला दार नाही, म्हणून दर्शनाची वेळही नाही. रात्री-अपरात्रीही जाता येते. तेल अर्पण करायचे, रुईच्या पानांचा हार वाहायचा, हात जोडायचे की विधी संपला. रांग नसेल तर सारे अर्ध्या तासात आटोपते. त्यात साडेसातीची धास्ती घेऊन येणारा भाविक रेंगाळायला आलेलाच नसतो. दर्शनानंतर मागे वळून न पाहता निघावे, अशी समजूत अनेक घरांत पाळली जाते. असे दैवत असलेल्या गावात लॉजचा धंदा मंदच चालणार.

शिंगणापूरची देशभरची प्रसिद्धीही तुलनेने अलीकडची आहे. नव्वदच्या दशकात गुलशन कुमार यांच्या शनिदेवावरील चित्रपटाने हे नाव हिंदी पट्ट्यात पोहोचवले आणि परिसराचा ग्रामदेव पाहता पाहता अखिल भारतीय झाला. तोवर शिर्डीची निवासव्यवस्था कित्येक दशके जुनी झाली होती. नव्याने येणारा भाविक आधीच शिर्डीला येत होता, त्याच्या वाटेला शिंगणापूर जोडले गेले. मुक्कामाचा निकाल त्याच वेळी लागला.

दारे नसलेल्या घरांचे गाव ही शिंगणापूरची दुसरी ख्याती. मूळ गावठाणात घरांना चौकट असते, पण दाराची फळी आणि कडीकोयंडा नसतो. कुत्री-मांजरे आत येऊ नयेत म्हणून फार तर एखादी फळी टेकवून ठेवतात. चोरी करणाऱ्याला शनी शिक्षा करतो, हा त्यामागचा विश्वास. २०११मध्ये युको बँकेने इथे शाखा उघडली तेव्हा या प्रथेचा मान राखून नेहमीच्या कुलपाऐवजी काचेचे दार आणि विद्युतचुंबकीय यंत्रणा बसवली. २०१५मध्ये गावात पोलीस ठाणे आले. त्याआधी २०१०मध्ये बाहेरगावच्या एका भाविकाने वाहनातला ऐवज गेल्याची तक्रार नोंदवली होती आणि ती बातमी देशभर गाजली, कारण दुसऱ्या कुठल्याही गावात ती बातमी झालीच नसती. मुक्कामी येणाऱ्याने यातून एवढेच घ्यावे की ही प्रथा गावकऱ्यांच्या घरांची आहे, वाहनतळाची नव्हे. ज्याला कुलपाशिवाय झोप लागत नाही, त्याने खोलीची व्यवस्था आधीच विचारून घ्यावी.

कुटुंबाने जायचे तर पूर्वी आणखी एक अडचण होती. चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यांनी खालूनच दर्शन घ्यायचे. २०१५च्या नोव्हेंबरात एका तरुणीने चौथऱ्यावर जाऊन दर्शन घेतले आणि वाद पेटला. २६ जानेवारी २०१६ रोजी तृप्ती देसाई यांच्या भूमाता रणरागिणी ब्रिगेडचा मोर्चा वाटेतच सुपे येथे अडवला गेला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने प्रार्थनास्थळी स्त्रियांना अडवता येणार नाही असे स्पष्ट केले आणि ८ एप्रिल २०१६ला, गुढीपाडव्याच्या दिवशी देवस्थानाने बंधन उठवले.

मुक्काम कुठे करावा हे आजही मुख्यतः वार पाहून ठरवावे लागते. शिर्डीचा गर्दीचा वार गुरुवार, शिंगणापूरचा शनिवार. रविवारची सुटी जोडून येणारे नोकरदार शनिवारी दोन्हीकडे एकदमच येतात, आणि तेव्हा सत्तर किलोमीटरचा हा रस्ता सर्वांत संथ असतो. शनिवारी अमावास्या आली की शिंगणापुरात यात्राच भरते. वाहने गावापासून दूर थांबवली जातात आणि पुढचे अंतर पायी तोडावे लागते. वैशाख अमावास्येच्या शनिजयंतीलाही तीच गत. मंगळवार-बुधवारी जाणाऱ्याला दोन्ही ठिकाणे मोकळी मिळतात. बुधवारी सकाळी शिंगणापूर करून संध्याकाळी शिर्डी गाठावी आणि गुरुवारची पालखी पाहून निघावे, हा क्रम सर्वांत सुखाचा. शनिवारीच शनीला जायचा हट्ट असेल तर मात्र गणित उलटते. शिर्डीहून पहाटे निघून शिंगणापूरला पोहोचेपर्यंत रांग लागलेली असते. शुक्रवारी रात्री शिंगणापुरातच राहिलेल्या माणसाला उजाडण्याआधी चौथरा बराच मोकळा सापडतो. वर्षभरात शिंगणापूरचा मुक्काम निःसंशय सरस ठरावा अशा रात्री मोजक्याच, त्यांतली ही एक. देवस्थानचे भक्तनिवास आणि थोडे खासगी लॉज एवढाच तिथला पसारा असून शिर्डीच्या तो पासंगालाही पुरत नाही. त्यामुळे खोली आधी ठरवणे भाग आहे.

दुसरी गोष्ट दिशेची. मुंबई-नाशिकहून येणाऱ्याला आधी शिर्डीच लागते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२मध्ये खुला झाल्यापासून विदर्भातून येणाऱ्यालाही तीच. साईनगर शिर्डी रेल्वेस्थानक २००९पासून आहे. काकडी येथील विमानतळ ऑक्टोबर २०१७मध्ये सुरू झाला आणि मुंबईहून वंदे भारत गाडी फेब्रुवारी २०२३पासून धावू लागली. यांपैकी कशानेही आलेल्याने शिर्डीत सामान टाकून शिंगणापूरला एका दिवसात जाऊन यावे. दुसरा विचार करण्यात अर्थ नाही. एसटी आणि वडाप जीप दोन्ही मिळतात.

पुण्याहून नगरमार्गे येणाऱ्याला मात्र शिंगणापूर आधी लागते. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने घोडेगावला यावे आणि तिथून आत वळावे. शहरापासून सारे अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास. घोडेगावचा कांदा बाजार भरात असेल तर ट्रॅक्टरांच्या रांगेत थोडे थांबावे लागते. अशा प्रवाशाने आधी शिंगणापूर करून रात्री शिर्डीला जावे आणि परतताना संगमनेरची वाट धरावी, म्हणजे एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. संभाजीनगरकडून येणाऱ्यालाही हाच क्रम सोयीचा.

या दोन गावांमधला रस्ता हा स्वतंत्र विषय आहे. शिर्डीहून राहाता, बाभळेश्वर, प्रवरेकाठचे कोल्हार, राहुरी फॅक्टरी असे करत राहुरी येते. तिथपर्यंत नगर-मनमाड महामार्ग. त्याच्या खड्ड्यांवर जिल्ह्यात जितकी आंदोलने झाली तितकी क्वचितच दुसऱ्या रस्त्यावर झाली असतील. पुढे ब्राह्मणी, सोनईवरून शिंगणापूर. दीड तासाचे अंतर पावसाळ्यात किंवा उसाच्या गाळप हंगामात दोन-अडीच तास खाते. कोल्हारला भगवतीमातेचे मंदिर आहे. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ. सोनई परिसर मुळा कारखान्याच्या उसाचा. शिंगणापूरच्या वाटेवर बैल जुंपून फिरवायच्या चरकांच्या रसवंत्या ओळीने दिसतात, आणि तिथले थांबणे कोणी वाया गेलेला वेळ मानत नाही.

त्याच वाटेवर लटकू भेटतात. कमिशनवर पूजासाहित्याच्या दुकानात गिऱ्हाईक नेणाऱ्या एजंटांना इथे हे नाव आहे. ते दुचाकीवरून गाडीचा पाठलाग करतात, वाहनतळ पुढे नाही म्हणून सांगतात आणि अमुकच दुकानात गाडी लावायला लावतात. शिर्डीत हेच काम करणाऱ्यांना पॉलिशवाले म्हणतात. दोन्ही गावांच्या पोलिसांनी त्यांच्यावर वेळोवेळी कारवाया केल्या आहेत. तेलाच्या ताटाचा भाव आधी विचारणे आणि गाडी थेट देवस्थानच्या वाहनतळावर नेणे, हा उपाय दर वेळी लागू पडतो. शिर्डीत मुक्काम असला तर निदान दुसऱ्या दिवशी पॉलिशवाला ओळखू येतो. शिंगणापूरला तासाभरासाठी आलेला माणूस लटकूच्या हाती हमखास सापडतो.

ज्यांचा प्रवास फक्त दोन दर्शनांचा नाही त्यांनी मात्र शिंगणापूरच्या बाजूचा मुक्काम जरूर विचारात घ्यावा. नेवासा त्याच तालुक्यात. शके १२१२मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, तो पैस खांब तिथल्या मंदिरात आहे. मोहिनीराजाचे कोरीव मंदिर गावातच. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते ५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले. अश्मयुगीन हत्यारांपासून ताम्रपाषाण वस्तीपर्यंतचे थर तिथे मिळाले आणि भारतीय पुरातत्त्वात नेवाशाचे नाव कायमचे झाले. जवळच देवगडचे दत्त देवस्थान आहे, आणि पुढे टोक्याला प्रवरा-गोदावरी संगमावर सिद्धेश्वराचे मंदिर. पाथर्डी तालुक्यातली कानिफनाथांची मढी आणि मोहटादेवी याच अंगाला येतात. हा सगळा पूर्वेचा पट्टा शिर्डीत राहून पाहायचा म्हणजे निम्मा दिवस रस्त्यात घालवणे.

अशांना तिसरा पर्याय अहिल्यानगर शहराचा. शिंगणापूर तिथून तासाभरावर आहे आणि शहरात हॉटेलांना तोटा नाही. पंडित नेहरू १९४२ ते ४५ या काळात ज्या भुईकोट किल्ल्यात बंदिवासात होते तो किल्ला, रणगाडा संग्रहालय, सलाबतखानाची कबर आणि अरणगावची मेहेरबाबांची समाधी यांत एक दिवस सहज जातो. शिर्डी मात्र इथून दूर पडते; तिथल्या आरत्यांना हजर राहायचे असेल तर हा पर्याय बाद.

रेल्वेने जाणाऱ्याला शिंगणापूरसाठी अहिल्यानगर किंवा राहुरी या दौंड-मनमाड मार्गावरच्या स्थानकांवर उतरून पुढे रस्त्याने जावे लागते. राहुरी ते शनिशिंगणापूर या सुमारे बावीस किलोमीटरच्या नव्या मार्गाला रेल्वे मंत्रालयाने २०२५मध्ये मान्यता दिली. अंदाजित खर्च सुमारे ४९४ कोटी रुपये. पुणतांब्याहून शिर्डीला गेलेला फाटाही याच दौंड-मनमाड मार्गावरून निघतो. त्यामुळे राहुरीचा फाटा तयार झाला की दोन्ही देवस्थाने एकाच मुख्य मार्गाच्या दोन फाट्यांवर येतील आणि सामान शिर्डीत ठेवून गाडीने शिंगणापूरला जाऊन येणे शक्य होईल.