कायाकमधून समुद्राची ओळख

आमचें धावडा हें गांव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आश्रयास वसलेलें आहे. येथील ओढ्यांचें पाणी पूर्णेंतून गोदावरीस व गोदावरींतून पूर्वसमुद्रास मिळतें. म्हणजे आमच्या अंगणांत पडलेला पावसाचा थेंबही पश्चिम किनाऱ्याकडे जात नाहीं. शेलूदच्या धामणा तलावाहून मोठें पाणी आमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलेलें नाहीं. तरी समुद्राशीं आमचा कांहींच संबंध नव्हता असें नव्हे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत तीन शिडांचें एक गलबत चितारलेलें आहे. भोकरदनच्या उत्खननांत मिळालेली हस्तिदंती मूर्ति ही इटलींतील पाँपे येथें १९३८ सालीं सांपडलेल्या मूर्तीशीं फार मिळतीजुळती आहे. असें असतां आज मात्र समुद्राचें नांव काढतांच आमच्या घरांतून चिंता उत्पन्न होते.

गेल्या नाताळच्या सुटींत मालवणच्या किनाऱ्यावर जाऊन कायाक चालविण्यास शिकण्याचा बेत ठरला, तेव्हां एका पालकांनीं विचारलें, “ज्यास धड पोहतां येत नाहीं त्या मुलास समुद्रांत धाडणें हें शहाणपण काय?” प्रश्न रास्त होता, परंतु आम्हांस त्याचें समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. आम्ही गेलों, तो मुलगा घरीं राहिला. आतां अनुभव घेऊन आल्यावर तें उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

कायाक ही मूळची उत्तरध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. वाहून आलेलें लांकूड किंवा देवमाशाचीं हाडें यांचा सांगाडा करून त्यावर ते सीलचें कातडें ताणून बसवीत. तींत माणूस पाय पुढें पसरून पाण्याच्या पातळीजवळ बसतो, आणि दोन्ही टोकांस पातें असलेलें एकच वल्हें उजवीडावीकडे आळीपाळीनें मारतो. १८६५ सालीं जॉन मॅक्ग्रेगर या स्कॉटिश वकिलानें अशा धर्तीची होडी बांधवून युरोपांतील नद्यांतून प्रवास केला. त्याच्या पुस्तकामुळें या होडीची आवड सर्वत्र पसरली. पुढें ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण १९३२ सालीं डॅन्यूब नदीवरील उल्म गांवाहून निघाला, व घडीच्या कायाकमधून हिंदुस्थानच्या किनाऱ्यानें प्रवास करीत १९३९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या हद्दींत पोंचला. नवशिक्यांस हल्लीं जी कायाक देतात ती प्लास्टिकची, आंतून पोकळ व वरून उघडी असते. ती उलटली तर बसणारा आंत अडकत नाहीं, आणि होडीही बुडत नाहीं.

मालवण तालुक्यांतील तारकर्ली व देवबाग हीं गांवें वाळूच्या एका चिंचोळ्या पट्टीवर आहेत. एका बाजूस कर्ली नदी, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि टोंकास त्यांचा संगम. शिकणारांस याहून सोईची जागा क्वचितच मिळेल, कारण निवांत पाणी व लाटांचें पाणी यांमध्यें केवळ थोड्या पावलांचें अंतर आहे. राहण्यास पर्यटन महामंडळाचें निवासस्थान आहे; शिवाय गांवकऱ्यांच्या घरींही सोय होते. आम्ही अशाच एका घरीं उतरलों होतों. पहाटे घावणे व चहा देतांना घरमालक रोज बजावीत, “अकरा वाजले काय वारो सुटतलो, त्येच्या आदी परत येवा.” प्रथम आम्हांस हें अतिसावधपणाचें वाटलें. पुढें कळलें कीं हिंवाळ्यांत सकाळीं जमिनीकडून मंद मतलई वारा वाहतो व पाणी शांत असतें. दुपारीं तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून वारा धांवूं लागतो आणि लाटा वाढतात.

पहिल्या दिवशीं आम्हांस होडी चालविण्यास शिकविलेंच नाहीं. नदीच्या छातीइतक्या पाण्यांत जाकीट घालून, होडी मुद्दाम उलटवून पुन्हा तींत चढण्याचा अभ्यास झाला. दहा वेळां उलटल्यावर उलटण्याचें भय राहत नाहीं. आमच्याकडे विहिरींत पोहण्यास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस सुका भोपळा बांधतात. हें जाकीट म्हणजे तोच भोपळा, फक्त छातीपाठीस नीट बसणारा. मग भरतीओहोटीचा पाठ झाला. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी येते. दुसऱ्या दिवशींची भरती सुमारें पन्नास मिनिटें उशिरां असते. अमावास्यापौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें आणि अष्टमीच्या सुमारास भांग असतो. संगमावर ओहोटीचें पाणी समुद्राकडे जोरानें खेंचतें, म्हणून नवशिक्यानें त्या वेळीं तेथें जाऊं नये.

दुसऱ्या दिवशीं खाडीकांठच्या कांदळवनांत गेलों. चिप्पीचीं मुळें चिखलांतून खुंट्यांसारखीं वर येतात व त्यांवाटे झाड हवा घेतें. याच पांढऱ्या चिप्पीस २०२० सालीं महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरविण्यांत आलें. उघड्या पडलेल्या चिखलावर निवटी नांवाचा लहान मासा परांच्या आधारानें चालत होता. फांदीवरचा खंड्या आम्ही अगदीं जवळ जाईपर्यंत उडाला नाहीं. यंत्राच्या होडीच्या आवाजानें जें दूर पळतें, तें कायाकच्या मुक्या चालीस भीत नाहीं; हाच या लहान होडीचा मोठा लाभ होय. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडींत स्वामिनी महिला बचत गटाच्या स्त्रियांनीं २०१७ सालापासून पाहुण्यांस होडींत बसवून, स्वतः वल्हीं मारून कांदळवन दाखविण्यास आरंभ केला. झाड तोडण्यापेक्षां तें दाखविण्यांत अधिक लाभ आहे, हें त्यांच्या उदाहरणानें पटतें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं शिक्षकांच्या होडीमागून, किनारा न सोडतां, आम्ही समुद्रांत गेलों. दूरवर डॉल्फिनांच्या पाठी वर येऊन पुन्हा पाण्यांत गेल्या. हा मासा नव्हे. तो फुप्फुसांनीं श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे, व श्वासासाठींच वर येतो. शिक्षकांनीं वल्हीं थांबविण्यास सांगितलें. डॉल्फिनांस घेरणें किंवा त्यांचा पाठलाग करणें अयोग्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यांस व समुद्री कासवांस संरक्षण दिलेलें आहे. मालवणजवळील समुद्राचा कांहीं भाग १९८७ सालींच अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. समुद्र निर्धास्त आहे असें आम्ही म्हणत नाहीं. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस गेलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघे मरण पावले. अशा वार्ता ऐकून पालकांचें मन कचरलें तर त्यांस दोष कोण देईल? म्हणून पालकांनीं संमति देण्यापूर्वीं पुढील गोष्टी अवश्य विचाराव्या. प्रत्येकास अंगास घट्ट बसणारें जाकीट मिळेल काय? पहिला धडा उथळ, निवांत पाण्यांत होईल काय? किती मुलांमागें एक जाणता शिक्षक राहील? वारा व ओहोटी पाहून बेत रद्द करण्याची त्यांची तयारी आहे काय? पावसाळ्यांत ही क्रीडा बंद असते, व ती तशीच असावी. एकाही प्रश्नाचें उत्तर असमाधानकारक आल्यास मुलास खुशाल घरीं ठेवावें.

आणि उत्तरें समाधानकारक आलीं तर? तर त्या पालकांस आमची एवढीच विनंति कीं, येत्या उन्हाळ्यांत मुलास पाठीस भोपळा बांधून, वडील माणसांच्या देखरेखीखालीं विहिरींत पोहण्यास शिकवावें. जाकीट घातलें तरी पोहण्याची विद्या वायां जात नाहीं, आणि पाण्यांत न घाबरण्याचा पहिला धडा घरींच मिळतो. पुढील नाताळांत एक कायाक त्या मुलासाठीं आम्ही राखून ठेवूं.