जॉबर गेला, जॉबरशाही राहिली

नोकरी सोडून आलेल्या माणसास तिचें कारण विचारलें, तर तो बहुधा पगार थोडा होता किंवा जाण्यायेण्याचा त्रास होता, असें कांहीं तरी सांगतो. त्यास थोडा वेळ बोलूं दिलें, म्हणजे खरी गोष्ट बाहेर पडते. वरच्या साहेबानें दहा जणांदेखत पाणउतारा केला. आई इस्पितळांत असतां रजा नाकारली. रात्रीं अकरा वाजतां निरोप पाठवून सकाळीं जाब विचारला. झालेल्या कामाचें श्रेय स्वतः घेतलें आणि झालेली चूक हाताखालच्या माणसाच्या माथीं मारली. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत, मुंबई-ठाण्याच्या बँकांत, खासगी शाळांत आणि इस्पितळांत नोकरी करणाऱ्या तरुण-तरुणींच्या तोंडून हीच कहाणी आम्हीं इतक्या वेळां ऐकली आहे कीं, ती कोणा एका तापट साहेबाची कहाणी आहे, असें मानणें आतां आम्हांस शक्य नाहीं. हा दोष स्वभावापेक्षां व्यवस्थेचा अधिक आहे. आणि व्यवस्थेचा दोष उपदेशानें जात नाहीं, तो नियमानें व बंदोबस्तानें घालवावा लागतो, एवढेंच आज आम्हांस वाचकांच्या नजरेस आणावयाचें आहे.

मुंबईस हा अनुभव नवा नाहीं. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळांत मजुराचा खरा धनी गिरणीचा मालक नसे. तो जॉबर असे. माणसास कामावर घेणें, काढून टाकणें, रजा देणें, चांगलें किंवा वाईट यंत्र वाट्यास घालणें, हें सर्व त्याच्या हातीं. कामावर घेतांना तो दस्तुरी घेई, आणि नोकरी टिकावी म्हणून ती पुढेंही पोंचवावी लागे. अडचणीच्या वेळीं कर्ज तोच देई, किंवा सावकारास जामीन तोच राही. म्हणजे गिरणींत आणि चाळींत, दोन्हीकडे मजुराची मान त्याच्याच मुठींत. बायकांच्या खात्यांत हाच कारभार नायकीण करी. बदली कामगार पहांटे गिरणीच्या दरवाजापाशीं येऊन उभे राहत, आणि त्यांतून कोणास आंत घ्यावयाचें, तें जॉबराच्या बोटावर ठरे. शिवाय दंड होतेच. कापडांत खोट निघाली तर तें कापड विणकराच्याच गळ्यांत बांधून त्याची किंमत पगारांतून कापीत. एका दिवसाच्या खाड्याबद्दल दोन दिवसांचा पगार बुडविण्याचीही चाल होती. मालकापर्यंत यांतलें फारच थोडें पोंचे, आणि जें पोंचे त्याकडे तो काणाडोळा करी. हजारों माणसें गोळा करण्याचा व त्यांस धाकांत ठेवण्याचा त्याचा त्रास जॉबरामुळें वाचत होता. मग त्या सोयीची किंमत मजूर कशी भरतो, याची चौकशी त्यानें कशाला करावी?

ही स्थिति पालटूं लागली ती कशानें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सप्टेंबर १८८४ मध्यें मुंबईंत गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्या अर्जांत दयेची याचना नव्हती. रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विसावा, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढेंच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आंत पगार, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन, अशा घड्याळानें व पंचांगानें मोजतां येतील अशा त्या मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें १०,००० कामगारांची सभा झाली, तींत दोन कामगार स्त्रियांनींही भाषणें केलीं. आणि १० जून १८९० रोजीं मालकांनीं आठवड्याची सुटी मान्य केली. पुढें व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर कमिशनानें १९३१ सालीं, माणसें घेण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबराच्या हातून काढून घ्यावा आणि त्यासाठीं स्वतंत्र कामगार-अधिकारी नेमावे, अशी शिफारस केली. १९३५ पासून मुंबईंत बदली कामगारांच्या नेमणुकीस नियम लागूं झाले. १९३६ च्या वेतन-अदायगीच्या कायद्यानें दंडाची मर्यादा रुपयामागें अर्धा आणा ठरविली, आणि दंडाची रक्कम कामगारांच्याच हितासाठीं खर्च केली पाहिजे, असें बंधन घातलें. जॉबराची सत्ता एका दिवसांत गेली नाहीं, हें खरें. पण जेवढी गेली, तेवढी त्याच्या अंतःकरणांत दया उपजल्यामुळें गेली नाहीं. त्याच्या कमरेच्या किल्ल्या एक एक करून काढून घेतल्या, म्हणून गेली.

आतां आजच्या कचेरीकडे पाहूं. दस्तुरी दिसत नाहीं. पण किल्ल्यांचा जुडगा तोच आहे. वर्षाचें मूल्यमापन, पगारवाढ, रजा, बदली, बढती, आणि नोकरी सोडतांना द्यावयाचा दाखला, या सर्वांवर पुष्कळ ठिकाणीं एकाच वरिष्ठाचा शब्द अखेरचा असतो. कांहीं कंपन्यांत तर प्रत्येक गटांतील ठराविक माणसें खालच्या श्रेणींत घातलींच पाहिजेत, असा दंडक असतो. म्हणजे गटांतील सगळ्यांनीं उत्तम काम केलें, तरी कोणाचा तरी बळी द्यावयाचा, हें आधींच ठरलेलें. आणि मनानें चांगला असलेला अधिकारीही या दंडकापुढें जॉबर बनतो. तक्रार करावी तर ती मनुष्यबळ विभागाकडे, आणि तो विभाग त्याच धन्याचा मिंधा. अशा ठिकाणीं माणसें तोंड मिटून काम करतात, सहकाऱ्याची चूक वर पोंचवून स्वतःची चामडी वाचवितात, आणि संधि मिळतांच निघून जातात. मालकास मात्र शांतता नांदत आहे, असें वाटतें!

यावर नेहमींचें उत्तर असें कीं, हें चढाओढीचें युग आहे, शिस्त पाहिजे. ज्यास सोसत नसेल त्यानें दुसरी नोकरी पाहावी. शिस्तीस आमचा विरोध नाहीं. परंतु घराच्या कर्जाचा हप्ता, मुलाची फी आणि बापाचें औषध ज्याच्या पगारावर चालतें, त्यास 'खुशाल जा' म्हणणें हें स्वातंत्र्य देणें नव्हे. आणि न जातां सोसण्याची किंमत केवळ मनच देतें असें नाहीं, शरीरही देतें. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनीं २०२१ सालीं एकत्र प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, आठवड्यास ५५ तास किंवा अधिक काम केल्यामुळें पक्षाघात व हृदयविकारानें २०१६ या एका वर्षांत जगांत सुमारें ७,४५,००० माणसें दगावलीं, असा अंदाज दिला आहे. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशीं तुलना करतां या लोकांस पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनीं अधिक आढळला. रात्रीं अकराचा निरोप ही क्षुल्लक गोष्ट मानणाऱ्यांनीं हा आंकडा एकदां डोळ्यांपुढें आणावा.

दोष साहेबाचा कीं त्याच्या वरच्यांचा, या प्रश्नाचें उत्तर फ्रान्सच्या न्यायालयानें दिलें आहे. तेथील फ्रान्स टेलिकॉम कंपनीनें २००६ सालीं, तीन वर्षांत २२,००० माणसें कमी करण्याचें व १०,००० माणसांस दुसऱ्या कामावर घालण्याचें ठरविलें. बहुतेकांस सरकारी नोकरीचें संरक्षण असल्यामुळें त्यांस सरळ काढतां येईना. तेव्हां त्यांनीं आपण होऊन निघून जावें, असा जाच सुरू झाला. खटल्यांत ३९ जणांचीं प्रकरणें तपासलीं गेलीं. त्यांपैकीं १९ जणांनीं आत्महत्या केल्या होत्या. डिसेंबर २०१९ मध्यें न्यायालयानें कंपनीस आणि तिचे माजी प्रमुख दिदिए लोंबार यांच्यासह वरिष्ठ अधिकाऱ्यांस दोषी ठरविलें, आणि जानेवारी २०२५ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें या तत्त्वावर शिक्कामोर्तब केलें. हे प्रमुख त्या प्रत्येक पीडिताशीं समोरासमोर बोललेही नसतील. तरी ज्यानें धोरण आंखलें तो छळाचा धनी, असें न्यायदेवतेनें सांगितलें. आमच्या गिरण्यांच्या काळीं हें कोणीं सांगितलें असतें, तर जॉबरशाही किती तरी आधीं मोडली असती.

मग करावें काय? २०१३ च्या कायद्यानें, जेथें १० किंवा अधिक माणसें काम करतात तेथें लैंगिक छळाच्या तक्रारीसाठीं समिति असलीच पाहिजे, आणि तींत बाहेरची एक व्यक्तिही पाहिजे, असें ठरविलें. तीच रीत इतर छळाच्या तक्रारींस लावण्यास हरकत कोणती? जपाननें २०१९ सालीं कायदा दुरुस्त करून वरिष्ठांकडून होणारा जाच रोखण्याची जबाबदारी मालकांवर टाकली, आणि २०२२ पासून ती लहान उद्योगांसही लागूं केली. तेथें उद्योगधंदे बुडाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. मूल्यमापन एकट्याच्या हातीं नसावें. त्याचीं कारणें लेखी असावींत, आणि नोकरास उत्तर देण्याचा हक्क असावा. कोणत्या अधिकाऱ्याच्या हाताखालून वर्षांत किती माणसें सोडून गेलीं, हा हिशेब नफ्यातोट्याच्या हिशेबाबरोबर संचालकांपुढें यावा. आणि नोकरवर्गानेंही एक धडा गिरवावा: एकट्याची तक्रार झाली तर तो 'तक्रारखोर' ठरतो, ५,५०० सह्या झाल्या म्हणजे तिचा सार्वजनिक प्रश्न होतो.

शेवटीं एक गोष्ट आमच्या वाचकांस. आपणांपैकीं पुष्कळ जण सकाळीं कोणाच्या तरी हाताखालीं असतात आणि दुपारीं कोणाच्या तरी वर. वरून मिळालेली शिवी खालीं पोंचती करावयाची कीं आपल्यापाशींच थांबवावयाची, एवढें तरी कायद्याची वाट न पाहतां प्रत्येकाच्या हातीं आहे. बाकीचें काम कायद्याचें. कापलेल्या दंडाचा पैसा कोठें जातो, हें १९३६ च्या कायद्यानें मालकास विचारलें. केलेल्या अपमानाचा हिशेब कोणाच्या वहींत लिहिला जातो, हें विचारण्याची वेळ आतां आली आहे.